घटस्फोटात कुणाचं काय? नागपुरात पहिल्यांदाच या वाटेला लागलेल्यांसाठी

गेल्या उन्हाळ्यात एक ताई कापडी पिशवीतून लांबट वही घेऊन आल्या. लाल बांधणीची, अकरा वर्षांपूर्वीच्या त्यांच्या लग्नातली आहेराची वही. पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक, त्याखाली मामाच्या अक्षरात ओळीने नोंदी: कुणाचे पाचशे एक, कुणाचा स्टीलचा डबा, मोठ्या काकांकडून पितळी गुंड, आजीकडून सोन्याच्या दोन पाटल्या. "रद्दीत टाकणार होती, मग म्हटलं एकदा दाखवून घ्यावं," त्या म्हणाल्या. त्यांच्याजवळ तोवर जमलेल्या कागदांत सगळ्यांत कामाचा कागद तोच निघाला.

मी वकील नाही. विधी स्वयंसेवक म्हणून काही वर्षांपासून लोकांचे कागद लावून देते, अर्ज समजावून सांगते. घटस्फोटाच्या वाटेला लागलेली माणसं माझ्यासमोर बसतात तेव्हा मनात भांडण ताजं असतं आणि हातात कागद जवळपास नसतात. मिळकतीचा प्रश्न मात्र कागदावरच सुटतो. म्हणून हे लिहिते आहे. वकील तुम्हाला लागेलच, पण त्यांच्याकडे जाण्याआधी एवढं करून ठेवलं तर तुमचे पैसेही वाचतील आणि महिनेही.

आधी एक गैरसमज काढून टाका

लग्नानंतर कमावलेलं सगळं दोघांचं आणि घटस्फोटात ते निम्मं-निम्मं होतं, असं धरून बरेच जण येतात. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियासारख्या राज्यात तसा कायदा आहे. आपल्याकडे गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यामुळे, वेगळा करार केलेला नसेल तर, नवरा-बायकोची मिळकत सामाईक धरतात. नागपुरात तसं नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ (तो बौद्ध, जैन आणि शीख जोडप्यांनाही लागू होतो) लग्नामुळे मिळकत सामाईक झाली असं मानत नाही. जी ज्याच्या नावावर आणि ज्याच्या पैशाची, ती त्याची. वीस वर्षं घर सांभाळलं, मुलं वाढवली, सासूबाईंचं आजारपण काढलं, याचा मोबदला कायदा मुख्यतः पोटगीतून देतो, घराच्या हिश्शातून देत नाही.

मला हे न्याय्य वाटत नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ साली एका निकालात गृहिणीच्या कष्टाला मिळकतीतला वाटा म्हणून मान दिला, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. पण तो निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही आणि संसदेने अजून तसा कायदा केलेला नाही. त्याच्या भरवशावर हातातले पुरावे ढिले सोडू नका.

पहिलं काम: चार याद्या

एक साधी वही घ्या आणि चार पानं आखा. एक बायकोचं, दुसरं नवऱ्याचं, तिसरं दोघांचं, चौथं सासर-माहेरच्या इतरांचं. घरातली प्रत्येक मोठी वस्तू, खातं, प्लॉट, गाडी, विमा, कर्ज यांपैकी कुठल्या तरी एकाच पानावर जायला हवं. प्रत्येकासमोर तीन गोष्टी लिहा: कुणाच्या नावावर आहे, पैसे कुणी दिले, आणि त्याचा कागद कुठे आहे.

चौथं पान लोक हमखास विसरतात. सासऱ्यांच्या नावावरचं महाल भागातलं जुनं घर, दिरासोबतचं दुकान, काटोलकडची संत्र्याची बाग, यांत नवऱ्याचा हिस्सा असेलही, पण ते सगळं त्याचं नाही. तशीच माहेरच्या घरातली बायकोची मालमत्ता. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. महाराष्ट्राने तो १९९४ मध्येच दिला आणि २००५ च्या दुरुस्तीने तो देशभर झाला. त्या हिश्शाशी नवऱ्याचा संबंध नाही. आणि आई-वडील वेगळे झाले म्हणून मुलांचा वडिलांच्या वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क जात नाही, हे मुलांच्या वतीने लक्षात ठेवा.

स्त्रीधन: इथे घाई करू नका

लग्नाआधी, लग्नात आणि नंतरही बाईला तिची म्हणून मिळालेली प्रत्येक गोष्ट स्त्रीधन. माहेरचं आंदण, सासरकडून अंगावर घातलेले दागिने, मैत्रिणींच्या भेटी, तिच्या नावावर ठेवलेली ठेव, सगळं त्यात येतं. त्यावर पूर्ण मालकी तिची. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या प्रतिभा राणी प्रकरणात ते स्पष्ट केलं, आणि एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा सांगितलं की स्त्रीधन ही नवरा-बायकोची सामाईक मिळकत नाही. अडचणीत नवऱ्याने ते वापरलं तरी परत करण्याची जबाबदारी त्याचीच. त्या प्रकरणात सोन्यापोटी बायकोला २५ लाख रुपये देण्याचा आदेश झाला.

हक्क एवढा पक्का असूनही दागिने परत मिळवताना बायका अडतात त्या पुराव्यावर. "चाळीस तोळे होतं" एवढ्या बोलण्याने भागत नाही. मग काय गोळा करायचं?

सराफाच्या पावत्या आधी. इतवारीतल्या ज्या दुकानातून लग्नाची खरेदी झाली, तिथे आईवडिलांच्या नावाने जुनी बिलं मिळतात का ते विचारा. नंतर जुना दागिना देऊन नवा केला असेल तर ज्या बिलावर "मोड" म्हणून वजावट लिहिली आहे ते बिल सांभाळा. जुना दागिना नव्यात कसा गेला हे तोच कागद दाखवतो. लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ काढा, आणि नुसतं अल्बम पुढे करू नका. कुठल्या फोटोत कुठला दागिना दिसतो त्याची क्रमवार यादी करा. नव्या दागिन्यावर सहा अक्षरी हॉलमार्क क्रमांक असतो, तो टिपून घ्या.

भांड्यांकडेही बघा. आपल्याकडे आंदणाच्या भांड्यावर नाव कोरायची पद्धत आहे. त्या वहीवाल्या ताईंच्या परातीच्या काठावर बारीक ठिपक्यांत मुलीचं नाव, "मामाकडून" आणि लग्नाची तारीख कोरलेली होती. आम्ही ती खिडकीजवळ तिरकी धरून मोबाइलवर फोटो काढला, मग वहीतली नोंद तिच्याशी जुळवली. वस्तूची किंमत थोडी असेल, पण वहीतल्या नोंदी खऱ्या आहेत हे दाखवायला तिचा फार उपयोग झाला.

वजन नेहमी ग्रॅममध्ये लिहा. जुन्या हिशेबातला तोळा ११.६६ ग्रॅमचा आणि आजच्या बाजारात बोलतात तो तोळा १० ग्रॅमचा. वीस तोळ्यांवर हा फरक ३३ ग्रॅमच्या वर जातो. समझोत्याच्या कागदावर नुसतं "तोळे" लिहून नंतर झालेली भांडणं मी पाहिली आहेत.

दागिने लॉकरमध्ये असतील तर लॉकर कुणाच्या नावावर आहे आणि शेवटचा कधी उघडला याची नोंद बँकेत असते. दागिने हलवले जातील अशी भीती असेल तर कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ खाली संरक्षण आदेश मागता येतो. त्यात लॉकर, खाती आणि मिळकत परस्पर हलवायला मनाई करता येते, आणि स्त्रीधन परत करायचा आदेशही त्याच कायद्याखाली होतो. मागणी मात्र बाईने स्वतः करायची. तिने अधिकार दिलेला नसेल तर वडिलांना तिचं स्त्रीधन मागता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलं आहे.

मुलाकडच्यांसाठीही दोन शब्द. नवरदेवाला मिळालेली अंगठी, त्याच्या आत्याने त्याला दिलेली साखळी, त्याच्या मित्रांनी दिलेलं घड्याळ हे स्त्रीधन नाही. दोघांना मिळून दिलेल्या वस्तूंसाठी, म्हणजे सोफा, फ्रिज, कपाट अशा गोष्टींसाठी, हिंदू विवाह कायद्याचं कलम २७ आहे. लग्नाच्या निमित्ताने मिळालेल्या सामाईक वस्तूंचं वाटप न्यायालय घटस्फोटाच्या हुकूमनाम्यातच (अंतिम आदेशातच) करू शकतं. त्यासाठी अर्जात तशी मागणी घालावी लागते आणि पुरावाही द्यावा लागतो. मागितलंच नाही तर मिळणार कुठून?

मुस्लिम महिलांसाठी १९८६ चा वेगळा कायदा आहे. मेहेर (निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायचं ठरलेलं धन) आणि लग्नाआधी, लग्नात किंवा नंतर नातेवाइकांनी, नवऱ्याने दिलेली मिळकत त्याखाली मागता येते. निकाहनाम्याची प्रत काढून ठेवा.

घर, प्लॉट, शेती

इथे नागपूरच्या जमिनीचे स्वभाव ओळखावे लागतात. रजिस्ट्री झालेला फ्लॅट असेल तर विक्रीपत्र आणि इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा) काढा. शहरातल्या जुन्या वस्तीत सिटी सर्व्हेची आखीव पत्रिका लागते. शेतजमिनीसाठी सातबारा, आठ-अ आणि फेरफार. नझूलचा (सरकारी जमिनीवरचा) किंवा नागपूर सुधार प्रन्यासच्या लीजचा प्लॉट असेल तर पट्टा कुणाच्या नावावर आहे, मुदत कधी संपते, हे बघा. अशा प्लॉटचं नाव बदलायला परवानगी लागते आणि त्यात वेळ जातो.

बेसा किंवा हिंगणा रोडकडच्या खासगी ले-आउटमधले प्लॉट सगळ्यांत नाजूक. अनेकांकडे फक्त इसारचिठ्ठी, कब्जापत्र किंवा आममुखत्यारपत्र असतं. तेवढ्याने मालकी मिळत नाही. ले-आउट गुंठेवारी कायद्याखाली नियमित झालं आहे का, प्रन्यासचं आरएल (प्लॉट नियमित झाल्याचं पत्र) मिळालं आहे का, हे कळल्याशिवाय "प्लॉट तू घे, फ्लॅट मी घेतो" अशी वाटणी मान्य करू नका. महापालिकेच्या घरटॅक्सची पावती हासुद्धा मालकीचा पुरावा नाही, ती फक्त टॅक्सची पावती आहे.

नाव दोघांचं असेल तर बहुधा तीनपैकी एक तोडगा निघतो: एकाने दुसऱ्याचा हिस्सा विकत घ्यायचा, घर विकून पैसे वाटायचे, किंवा एकाने आपला हिस्सा सोडून त्याबदल्यात पोटगीचा विषय मिटवायचा. किंमत ठरवताना रेडी रेकनरवर (सरकारी दरपत्रकावर) थांबू नका. नोंदणीकृत मूल्यांककाकडून बाजारभावाचा दाखला घ्या.

नाव नवऱ्याचं आणि पैसे दोघांचे असतील तर बायकोने आपल्या खात्यातून गेलेल्या रकमा दाखवायच्या. बुकिंगच्या वेळी दिलेला चेक, मोडलेली ठेव, दागिने गहाण ठेवून घेतलेलं कर्ज, प्रत्येकाचं स्टेटमेंट काढा. नाव बायकोचं आणि पैसे नवऱ्याचे, हेही नेहमीचंच. बायकोच्या नावाने घेतलेली मिळकत, पैशाचा स्रोत उघड असेल तर, बेनामी धरली जात नाही. त्यामुळे नवरा दावा करू शकतो, पण ती भेट नव्हती आणि आपल्यासाठीच घेतली होती, हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर असते.

सासऱ्यांच्या घरात राहणाऱ्या सुनेला बाहेर काढलं जात असेल तर सामाईक घरात राहण्याचा हक्क आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानंतर ते घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तो हक्क मागता येतो. पण राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे. या दोन गोष्टींची गल्लत करून काही जणी घराच्या हिश्शासाठी वर्षानुवर्षं भांडत राहतात आणि पोटगीची मागणी मागे पडते.

कर्ज: बँकेला घटस्फोट कळत नाही

हे सगळ्यांत कमी बोललं जातं आणि सगळ्यांत जास्त महागात पडतं. एका बाईंनी फ्लॅटवरचा हक्क सोडला, नवऱ्याने हप्ते भरायचं मान्य केलं, हुकूमनामा झाला. दोन वर्षांनी त्यांना मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज हवं होतं. अर्ज नामंजूर झाला, कारण जुन्या गृहकर्जाचे चार हप्ते थकले होते आणि त्या अजूनही सहकर्जदार होत्या. न्यायालयातला समझोता तुम्हा दोघांवर बंधनकारक असतो. बँक त्यात पक्षकार नसते. म्हणून अटी लिहिण्याआधी बँकेत जा. एकाच्या उत्पन्नावर कर्ज बसतं का ते विचारा, आणि दुसऱ्याचं नाव कर्जातून काढल्याचं लेखी पत्र मिळेपर्यंत हक्कसोड किंवा बक्षीसपत्रावर सही करू नका. क्रेडिट कार्डचं पूरक कार्ड, गाडीचं कर्ज, नातेवाइकाला दिलेली जामीनकी, हेही त्याच फेरीत निपटवा.

शपथपत्र: इथेच खरी माहिती बाहेर येते

पोटगीच्या वादात दोघांनीही आपलं उत्पन्न, मिळकत आणि देणी यांचं शपथपत्र द्यायचं, हा देशभर चालणारा नियम नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून निघालेल्या एका प्रकरणाने दिला: रजनेश विरुद्ध नेहा, सर्वोच्च न्यायालय, ४ नोव्हेंबर २०२०. शपथपत्राचा नमुना निकालासोबतच जोडला आहे. शेतीवर जगणाऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे. समोरच्याने चार आठवड्यांत उत्तर द्यायचं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची, हेही त्यातच ठरलं.

हा फॉर्म घाईत भरू नका. घरी बसून, महिन्याचा खर्च खरा खरा लिहून भरा. शाळेची बस, सासूची औषधं, दिवाळीचे कपडे, मेस, सगळं. फुगवलेला आकडा उलटतपासणीत टिकत नाही आणि मग खऱ्या आकड्यावरचाही विश्वास जातो. खोटं शपथपत्र दिल्यास फौजदारी कारवाई होऊ शकते.

समोरची व्यक्ती सरकारी नोकरीत असेल आणि पगार लपवत असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करून बघा. पोटगीचा वाद चालू असताना पगाराचा तपशील ही नुसती खासगी बाब राहत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेच २०१८ मध्ये म्हटलं आहे. मात्र नवऱ्याचा किंवा बायकोचा मोबाइल उघडून, पासवर्ड टाकून खात्यात शिरू नका. न्यायालयाकडून कागद मागवण्याची सोय आहे, ती वापरा.

कुठे जायचं

लग्न नागपुरात झालं असेल, शेवटचं एकत्र राहणं इथे असेल, समोरची व्यक्ती इथे राहत असेल, किंवा अर्ज बायको करत असेल आणि ती आता इथे माहेरी राहत असेल, तर नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात अर्ज चालतो. नवरा-बायकोतला मिळकतीचा दावाही तिथेच जातो. महाराष्ट्रात घटस्फोट, पोटगी, हिंसाचार आणि त्यातल्या मिळकतीच्या वादांत महिलांना १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. फोनवर विचारायचं असेल तर १५१०० ही विधी सेवेची हेल्पलाइन आहे. मारहाण, धमकी असेल तर आधी पोलिसांच्या भरोसा सेलमध्ये जा; कागद नंतर लावता येतील.

समझोता करताना काय लिहायचं

परस्पर संमतीच्या घटस्फोटाला किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबायचं असतं. २०१७ च्या एका निकालानंतर योग्य प्रकरणात न्यायालय ही वाट कमी करू शकतं. तोडग्याची घडी बसवायला हेच महिने वापरा.

अटींमध्ये "पत्नीला तिचे सामान परत देण्यात येईल" असलं मोघम वाक्य चालवून घेऊ नका. वस्तू, वजन, दिवस, वेळ आणि जागा लिहा. रक्कम असेल तर डिमांड ड्राफ्ट किती तारखेला, कुठल्या टप्प्यावर. घर असेल तर मौजा, खसरा क्रमांक, प.ह.नं. (पटवारी हलका नंबर), प्लॉट क्रमांक आणि चतुःसीमा पूर्ण. पैसे एकदम मिळणार नसतील तर समोरच्याच्या स्थावर मिळकतीवर पोटगीचा बोजा मागा. कलम २५ मध्ये तशी तरतूद आहे, आणि हीच तरतूद नवऱ्यालाही बायकोकडून पोटगी मागू देते. एकरकमी पोटगी भांडवली रक्कम मानतात, दरमहा मिळणारी उत्पन्न मानतात, म्हणून आयकराचा सल्ला आधीच घ्या.

घर एकाच्या नावावर करायचं ठरलं असेल तर वेळेला महत्त्व आहे. महाराष्ट्रात नवरा-बायकोतल्या राहत्या घराच्या बक्षीसपत्रावर मुद्रांक शुल्क नाममात्र असतं, उपकर वेगळे लागतात. हुकूमनामा झाला की तुम्ही नवरा-बायको राहत नाही आणि ही सवलतही राहत नाही. दुसरीकडे, संमती अंतिम हुकूमनाम्यापर्यंत मागे घेता येते, म्हणून घर आधी देऊन बसणाऱ्याला धोका असतो. नोंदणी आणि शेवटची तारीख एकाच आठवड्यात ठेवा, असं मी दोन्ही बाजूंना सांगते.

मुलांच्या पोटगीचा हक्क आई सोडून देऊ शकत नाही. "यापुढे मुलांसाठी काहीही मागणार नाही" असं कुणी लिहून आणलं तर ते वाक्य खोडायला सांगा.

सामान ताब्यात घ्यायच्या दिवशी दोन्हीकडची एकेक शांत व्यक्ती सोबत ठेवा, यादी दोन प्रतींत न्या, दागिने सराफाकडे वजन करून मगच सही करा. वहीवाल्या ताईंनी त्या दिवशी परातही मागून घेतली. नवऱ्याच्या आईने ती घासून, फडक्यात बांधून ठेवली होती.

हुकूमनाम्यानंतरचे पंधरा दिवस

प्रमाणित प्रती निदान चार मागा. एक बँकेत जाते, एक सोसायटीत, एक पटवाऱ्याकडे किंवा सिटी सर्व्हेत, एक घरी राहते. फेरफार लगेच टाका. पीएफ, ग्रॅच्युइटी, विमा, ठेवी आणि डिमॅट खात्यातलं नामनिर्देशन बदला, कारण तिथे जुनंच नाव राहिलं तर उद्या तुमच्या मुलांना दारोदार फिरावं लागेल. संयुक्त खातं आणि लॉकर बंद करा. निकाल मान्य नसेल तर हिंदू विवाह कायद्याखालच्या हुकूमनाम्यावर अपिलाची मुदत नव्वद दिवसांची आहे, म्हणून प्रतीसाठी अर्ज निकालाच्या दिवशीच करा आणि त्याची पावती फाइलला सगळ्यांत वर लावा.